दूध तापू द्यायचं नाही

आपल्याकडे दूध घरात आलं की आधी तापवायचं, हे हाडीमाशी खिळलेलं आहे. शेळीच्या दुधाचा साबण करताना मात्र सगळी धडपड ते तापू नये यासाठीच असते. गॅस न पेटवताही ते तापतं, कारण ते काम तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा करतो. साध्या पाण्यात सोडा टाकला की पाणी बघता बघता ऐंशी-नव्वद अंशांवर जातं. पाण्याचं त्यात काही बिघडत नाही. दुधातली साखर मात्र करपते. दूध आधी पिवळं होतं, मग केशरी, मग थेट विटकरी. प्रथिनं फुटून अमोनियाचा भपकारा सुटतो तो वेगळाच.

म्हणून दूध गोठवून घ्यायचं. आधी उकळलं असलं तरी चालतं, फक्त साय काढायची आणि वजन उकळल्यानंतर करायचं, कारण आटल्याने ते घटलेलं असतं. सातेक वड्यांचं माप असं: खोबरेल 150 ग्रॅम, ऑलिव्ह तेल 250, कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) 75, एरंडेल 25, सोडा 70 आणि दूध 140. सगळं डिजिटल काट्यावर, वाटी-चमच्याने नाही. या मापात पाच-सहा टक्के तेल सोड्याच्या तावडीतून सुटतं आणि वडी अंगाला रखरखत नाही. एखादं तेल बदललं तर सोड्याचा हिशेब नव्याने मांडायचा. खोबरेलाला ऑलिव्हपेक्षा बराच जास्त सोडा लागतो.

दुधाचे बर्फाचे खडे स्टीलच्या भांड्यात घ्यायचे आणि ते भांडं बर्फ-मिठाच्या पाण्यात ठेवायचं. ॲल्युमिनियम अजिबात नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सोडतो. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी, मुलं-मांजरं बाहेर. मग सोडा एकेक चमचा भुरभुरायचा आणि ढवळत राहायचं. नेहमी सोडा दुधात घालायचा, सोड्यावर दूध कधीच ओतायचं नाही. सोड्याची निम्म्याहून अधिक उष्णता बर्फ वितळवण्यातच खर्ची पडते, सगळी युक्ती एवढीच. पारा पस्तिशीच्या आत राहिला की मिश्रण फिकट पिवळं राहतं. घाई केली की रंग चढलाच. तसा तपकिरी साबणही अंग धुतोच, फक्त पांढऱ्या वडीची हौस सोडून द्यायची.

थंडपणाचा एक तोटाही आहे. गार दुधात सोडा सावकाश विरघळतो, आणि दुधाचा स्निग्धांश साबण होऊन मऊ गुठळ्या धरतो, त्यांच्याआड न विरघळलेला दाणा दडून बसतो. म्हणून तेलात ओतताना स्टीलच्या गाळणीतूनच ओतायचं. दुसरी फसगत मुठेलाची. ते चाळिशीच्या आसपास वितळतं. त्यात फार गार दूध पडलं की ते पुन्हा थिजतं आणि मिश्रण दाट झाल्याचा भास होतो. माणूस खुशीत साच्यात ओततो आणि दुसऱ्या दिवशी वर तेलाचा तवंग. तेलं चाळीस-बेचाळीस अंशांवर आणि दूध तिशीच्या वर आणून मगच दोन्ही एकत्र करावीत. हॅण्ड ब्लेंडर थांबत-थांबत चालवायचा. वरून सोडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली की ट्रेस आला, म्हणजे तेल आणि सोडा नीट मिसळले. सुगंधी तेल घालायचं ते याच वेळी. लवंग-दालचिनी टाळावी, मिश्रण हातातच घट्ट होतं.

एरवी साबण साच्यात ओतला की टॉवेलात गुंडाळतात. इथे ते नको. दुधातल्या साखरेने आतून आणखी उष्णता वाढते आणि वडी मधोमध फुगते, तडकते. साचा थेट फ्रिजमध्ये, दिवसभर. मध्येच काढला तर मधला भाग तापून गडद होतो आणि कापल्यावर प्रत्येक वडीवर एक गोल डाग दिसतो. फ्रिजमधला साबण उशिरा कडक होतो, तेव्हा साच्यातून काढायला दोन-तीन दिवस थांबावं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? दुधातल्या लॅक्टिक आम्लाने त्वचा उजळते, असं वेष्टनांवर छापतात. त्यावर फार विसंबू नये. आम्ल असलंच तर सोड्यापुढे टिकत नाही, त्याचं मीठ होतं. आणि साबण दुधाचा असो की पाण्याचा, तो अल्कधर्मीच. दुधाने मिळतो तो मऊ, सायीसारखा फेस, आणि तेवढ्यासाठीही ही मेहनत करावीशी वाटते.

कापलेल्या वड्या जाळीवर सुट्या ठेवून चार ते सहा आठवडे वाळवायच्या. अमोनियाचा वास तोवर उडून जातो. पावसाळ्यात मात्र वड्यांना घाम फुटतो, कारण त्यांच्यातलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. त्या पुसून पंख्याखाली ठेवाव्यात. नारिंगी ठिपके आणि खवट वास आला तर तेल खवटलं, ती वडी भांड्यांच्या कामी लावावी. पण कापताना आत पांढरी भुकटी किंवा ओलसर खळगा लागला तर तो मोकळा सोडा असू शकतो. ती वडी भांड्यांनाही नको.