तिरका उजेड

ग्वाटेमाला सिटीहून पुएर्तो बारिओसकडे जाणारी बस मला लॉस आमातेसजवळच्या फाट्यावर सोडून गेली. तिथून तीनेक किलोमीटर टुकटुकने. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर केळीच केळी, आणि त्या बागांच्या मधोमध जपून ठेवलेला जंगलाचा एक तुकडा. किरिग्वा हे मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीचं नगर त्याच तुकड्यात आहे.

पाठीवरच्या पिशवीत एक फाइल होती. आल्फ्रेड मॉडस्ले या इंग्रज माणसाने १८८३ साली इथे काढलेल्या फोटोंच्या छापील प्रती तिच्यात होत्या. गेली कित्येक वर्षं मी ते फोटो संगणकावर मोठे करकरून पाहत आले आहे. एकदा तरी फोटो हातात धरून त्याच दगडासमोर उभं राहायचं, एवढ्यासाठीच हा प्रवास.

आधी ‘ई’ शिलास्तंभाकडे गेले. जमिनीत गाडलेला भाग धरून साडेदहा मीटर उंच, एकसंध वाळूचा दगड. काक तिलिव चान योपात या राजाने तो इ.स. ७७१ मध्ये उभारला. याच राजाने ७३८ साली कोपान या शेजारच्या बलाढ्य माया नगराच्या राजाला पकडून त्याचा शिरच्छेद केला होता. ग्वाटेमालाच्या दहा सेंतावोच्या नाण्यावर किरिग्वाचाच शिलास्तंभ आहे. मी खिशातलं नाणं काढून बघितलं, मग फाइल उघडली.

फोटोतला स्तंभ कललेला आहे, आता पडेल की मग पडेल असा. समोरचा मात्र ताठ उभा. १९१७ च्या पावसात तो खरोखरच आडवा झाला. १९३४ मध्ये उचलताना पोलादी दोर तुटले, स्तंभ पुन्हा कोसळला आणि त्याचे दोन तुकडे झाले. ते काँक्रीटने जोडले आहेत. तो अखंड होता तेव्हा कसा दिसायचा, ते माझ्या हातातल्या कागदावर होतं. तिथे उभं राहून मला भरून आलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मॉडस्ले पहिल्यांदा इथे आला तो १८८१ च्या जानेवारीत. दगडांवर शेवाळ आणि वेलींचे थर होते. ते खरवडून, ब्रशने घासून काढल्यावर खालून अक्षरं दिसू लागली, आणि पुढची अनेक वर्षं त्याने या कामाला वाहिली. त्याच्या आधी १८४० मध्ये फ्रेडरिक कॅथरवुड हा इंग्रज चित्रकार इथली चित्रं काढून गेला होता. पुढच्या मोहिमेत कॅथरवुड आणि त्याचा सोबती, प्रवासलेखक स्टीफन्स यांनी मेक्सिकोतल्या उश्माल या माया नगरात डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत, वापरून पाहिला, पण उन्हात आलेले उंचवटे पांढरेफटक आणि खोलगट भाग काळेठिक्कर, म्हणून पुन्हा पेन्सिल हाती घेतली. देझिरे शार्ने या फ्रेंच प्रवाशाने १८५७ नंतर मेक्सिकोतल्या युकातानात उत्तम फोटो काढले, पण कोलोडियन या चिकट द्रावाच्या ओल्या काचेवर: काचेला लेप द्यायचा आणि ती वाळायच्या आत फोटो काढून धुवायचाही. जंगलात ही केवढी कसरत! मॉडस्लेच्या वेळेपर्यंत कोरड्या काचा मिळू लागल्या होत्या. त्या आधीच तयार असत आणि फोटो नंतर सवडीने धुता येई. मग खरी झुंज उरली ती उजेडाशी.

ती झुंज काय होती, हे मला ‘डी’ स्तंभापाशी कळलं. ७६६ सालचा हा स्तंभ. त्याच्या बाजूंवरची वरची अक्षरं म्हणजे अख्ख्या मूर्ती आहेत: आकडे आणि काळाची मापं देवांच्या, प्राण्यांच्या रूपात एकमेकांत गुंतून बसलेली. पण आता पावसापासून बचावासाठी प्रत्येक शिळेवर गवताचं छप्पर आहे. त्याखाली उजेड चहूकडून सारखा येतो आणि कोरीव काम सपाट दिसतं. मी फोटोशी ताडून पाहत होते आणि काहीच जुळत नव्हतं.

तिथला रखवालदार बराच वेळ बघत होता. वयस्कर माणूस. फाइलमधला फोटो पाहून म्हणाला, “सेन्योरा, समोरून नाही, बाजूने बघा.” त्याने विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. एक मूर्ती उठून बसावी तशी दगडातून बाहेर आली. गुडघा, पंजा, चोच. मॉडस्लेने झाडं तोडून ऊन आत घेतलं होतं, ते नेमकं याचसाठी. फोटोत त्या चोचीवर एक बारीक रेघ आहे. दगडावर ती मला सापडली नाही. विजेरी फिरवून फिरवून पाहिली, तो भाग झिजला होता.

मॉडस्लेने केवळ फोटोंवर भिस्त ठेवली नाही. त्याचे स्थानिक मदतनीस गोर्गोनियो लोपेस आणि त्याच्या भावांनी ओला कागद दगडावर ठोकून ठसे घेतले. आपल्याकडे शिलालेखांचे घेतात त्याच जातीचे. लोरेन्झो जुन्तिनीने प्लास्टरचे साचे केले. ‘पी’ या अजस्र शिळेच्या साच्याचे सहाशेहून जास्त तुकडे झाले. लंडनमध्ये अ‍ॅनी हंटरने ते साचे आणि फोटो समोर ठेवून एकेक अक्षर रेखाटलं. हे सगळं १८८९ ते १९०२ दरम्यान छापून आलं, आणि ज्यांनी किरिग्वा कधी पाहिलं नव्हतं त्यांना घरबसल्या माया कालगणना सोडवता येऊ लागली. लोपेस बंधूंचं नाव या कामात आणखी ठळक असायला हवं, असं मला वाटतं. चिखलात कागद सुकवत बसायचे ते.

निघताना त्या चोचीच्या फोटोची प्रत रखवालदाराला दिली. त्याने ती घडी न घालता टोपीत ठेवली आणि विजेरी घेऊन पुन्हा ‘डी’कडे गेला.