ग्रेड नव्हे, डब्याची मागची बाजू वाचा

बीएस-६ डिझेल गाडीचं ऑइल घरीच बदलायचं ठरवलं, तेव्हा दुकानदाराने तीन डबे पुढे ठेवले. तिन्हींवर ठळक अक्षरांत ५डब्ल्यू-३० हा ग्रेड. मागे मात्र एसीईए, म्हणजे युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेचा दर्जा: एकावर ए३/बी४, दुसऱ्यावर सी२, तिसऱ्यावर सी३. ग्रेड फक्त ऑइल किती पातळ ते सांगतो. राख किती उरणार, हे त्या मागच्या ओळीवरून कळतं.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यातली काजळी रीजनरेशनच्या, म्हणजे फिल्टर तापवून साफ करण्याच्या वेळी सुमारे ६०० अंशांना जळून जाते. ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची राख मात्र जळत नाही, फिल्टरमध्येच साचते. ए३/बी४मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत चालते, सी२ आणि सी३मध्ये ०.८ टक्क्यांपर्यंतच. ए३/बी४ वाईट नाही, पण ते डीपीएफ नसलेल्या इंजिनांसाठी आहे. ग्रेड एकच असला तरी सी३ थोडं दाट: तापलेल्या बेअरिंगमधली त्याची फिल्म सी२पेक्षा जाड. गाडीच्या पुस्तिकेत सी३ लिहिलं असेल तर मायलेजच्या मोहाने सी२ घेऊ नका.

बाष्पीभवनही बघावं. सी३ला २५० अंशांवर तासाभरात १३ टक्क्यांहून जास्त उडायची परवानगी नाही. उडालेल्या ऑइलची वाफ ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत) जाते आणि ईजीआरच्या, म्हणजे इंजिनात परत सोडलेल्या धुराच्या काजळीत मिसळून डांबरासारखी चिकटते. इनटेकचा मॅनिफोल्ड साफ करायचा खर्च पाहिला की एका डब्यावर चार-पाचशे रुपये वाचवण्यात अर्थ वाटत नाही.

बदलताना इंजिन दहा मिनिटं चालवून गरम केलं, पण कढत नाही. ड्रेन बोल्टला तांब्याचा नवा वॉशर लावला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे हात फिरवून पाहिलं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सुरू करताच ऑइलची पिचकारी उडते! पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओतलं, इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून बाकीचं भरलं. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो.

पुढची कटकट शहरातल्या छोट्या फेऱ्यांची. रीजनरेशनसाठी जादा सोडलेलं डिझेल, गाडी मध्येच बंद केली तर जळत नाही. पिस्टनच्या रिंगांवरून ओघळून ते ऑइलमध्ये उतरतं. म्हणून दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघतो. पातळी घटली तर भर घालतो. पण वाढत वाढत वरच्या खुणेपलीकडे गेली, तर ठरलेल्या किलोमीटरची वाट न बघता ऑइल बदलायचं, कारण पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला आधार देत नाही.

नवं ऑइल काहीशे किलोमीटरांतच काळं होतं. ते बिघडलेलं नसतं: काजळी खाली बसू न देता तरंगत ठेवणं हे त्याचंच काम आहे.