कसाऱ्याच्या घाटातला फॉल्ट

५५ टनी ट्रॅक्टर-ट्रेलरच्या चाचणी ताफ्यातली एक गाडी भर पावसाळ्यात कसारा घाटात पुन्हा पुन्हा तोच फॉल्ट देत होती: एससीआरची (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, युरियाने मोडणाऱ्या यंत्रणेची) कार्यक्षमता कमी. मग कंट्रोलर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, कापायचा आणि न्हावा-शेव्याहून भरून निघालेला कंटेनर घाटात रखडायचा.

सर्व्हिसवाल्यांनी नेहमीची वाट धरली. कोड वाचला, नॉक्स सेन्सर बदलला, मग युरिया फवारणारा डोझिंग इंजेक्टर, मग पंप. काहीच लागू पडेना तेव्हा खापर ड्रायव्हरवर: "भेसळीचा युरिया भरला असणार, साहेब." टाकीतला नमुना द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाहिला, तर बरोब्बर हवा तेवढा, ३२.५ टक्के. दोन थेंबांची तपासणी, अर्ध्या मिनिटाचं काम. ते न करता माणसावर ठपका ठेवतात, याची मला मनापासून चीड आहे.

शेवटी युरिया धुरात मिसळणारा मिक्सर उतरवून कापला. आतल्या भिंतीवर पांढरा थर होता, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तरी न निघणारा. पण तो सगळीकडे नव्हता. एकाच अंगाला होता, पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी उडवतं त्या अंगाला. तिथून प्रकरणाचा उलगडा सुरू झाला.

युरियाचा फवारा गरम वायूत गेला की त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकात तो नायट्रोजन ऑक्साइड मोडतो. त्यासाठी डोझिंग साधारण २०० अंशांच्या आसपास सुरू करतात. मात्र सेन्सर वायूचं तापमान मोजतो आणि फवारा आदळतो धातूवर. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, कोमट तव्यावर पसरतो. इथेही थेंब पसरतो, पाणी उडतं, युरियाचं आधी बाययुरेट आणि पुढे सायन्युरिक आम्ल होतं. हाच तो पांढरा थर. तो एकदा बसला की साडेतीनशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय हलत नाही.

लॉगरमध्ये बाकीचं सापडलं. रात्रभर गाडी उभी, एसीसाठी इंजिन आयडलवर, एक्झॉस्ट दीडशेच्या खाली. सकाळी भिवंडी ते शहापूर रांगेत सरकताना वायू जेमतेम २१० ला पोचायचा आणि डोझिंग चालू व्हायचं. भिंतीला तापमान मोजणारे के-टाइप थर्मोकपल लावले, तर ओली बाजू वायूपेक्षा साठ-सत्तर अंशांनी थंड. थर तिथे बसायचा. घाटात पूर्ण लोडवर वायू ४०० कडे गेला की तोच थर फुटून अमोनिया एकदम सुटायचा. नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक कळत नाही. तो वाढलेला आकडा दाखवतो आणि कंट्रोलर एससीआरला दोष देतो. म्हणजे बिघाड घडायचा रांगेत आणि दिसायचा घाटात. सुटे भाग बदलून तो कधीच सुटला नसता.

उपाय तीन केले. मिक्सर दुहेरी भिंतीचा केला, चाकामागे स्प्लॅश गार्ड दिला, आणि सॉफ्टवेअरमध्ये भिंतीच्या तापमानाचा अंदाज घातला. लांब आयडलनंतर वायू तापला तरी भिंत तापेपर्यंत डोझिंग थांबतं. उत्प्रेरकात साठलेला अमोनिया तेवढा वेळ निभावून नेतो, पण फार वेळ नाही. त्याहून जास्त थांबलं तर रस्त्यावरच्या उत्सर्जन चाचणीत गाडी नापास. तो वेळ किती ठेवायचा यावर कॅलिब्रेशनच्या मुलांनी जे काम केलं, ते या मॉडेलमधलं सर्वांत देखणं काम आहे.

मूळ कारण मात्र तसंच आहे. २०२५ मध्ये नव्या बनणाऱ्या एन२ आणि एन३ गाड्यांना (साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना) एसी केबिन सक्तीची झाली. हा नियम फार आधी यायला हवा होता. पण कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, त्यामुळे ड्रायव्हरच्या झोपेतही इंजिन चालू राहतं. ड्युटी सायकल, म्हणजे गाडीच्या वापराचा तक्ता, लिहिणारे गाडी धावतेय असं धरून लिहितात. तिच्यात माणूस झोपतो, हे त्यांच्या तक्त्यात नसतं. बॅटरीवरचा पार्किंग एसी आमच्या यादीत होता, खर्चाच्या बैठकीत तो कापला गेला. आयडलला तासाला दोन-तीन लिटर डिझेल जातं, म्हणजे आठ तासांच्या झोपेला वीसेक लिटर. हा हिशेब जोडून तो एसी यादीत परत घ्यावा, असं मी लेखी मागितलं आहे.