लपण्यासाठी बांधलेलं घर

पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या आवारातलं छोटेखानी घर, धाकटं त्रियानों, म्हणजे पेती त्रियानों, पहिल्यांदा पाहणारा बहुतेक वेळा हिरमुसतो. मुख्य राजवाड्यातलं सोनं आणि आरसेमहाल डोळ्यांत साठवून दीड किलोमीटर चालत यावं, आणि समोर काय, तर फिकट दगडाचा एक चौकोनी ठोकळा. प्रत्येक बाजूला ओळीत पाच खिडक्या, माथ्यावर दगडी कठडा. छप्परसुद्धा दिसत नाही, कारण ते कठड्याच्या आड आहे. या घराची गंमत इथूनच सुरू होते: जे डोळ्यांत भरू नये ते दडवायचं, आणि दडवलंय हेही कळू द्यायचं नाही.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या सांगण्यावरून आंज-जाक गाब्रिएल या वास्तुकाराने 1762 ते 1768 या काळात ते बांधलं. शिंपल्यांच्या आणि वेलबुट्टीच्या वळणांना कंटाळलेल्या फ्रान्सला तेव्हा ग्रीक प्रमाणबद्धतेची ओढ लागली होती. गाब्रिएल हा त्या नव्या अभिरुचीतला सगळ्यात संयमी माणूस. घर जिच्यासाठी योजलं ती राजाची प्रेयसी मादाम द पोंपादूर 1764 मध्येच वारली. राहायला आली ती तिच्यानंतरची प्रेयसी, मादाम द्यु बारी.

इमारत समोरून पाहू नका, कोपऱ्यावर उभे राहा. एका नजरेत दोन बाजू येतात आणि त्या वेगळ्या आहेत हे तेव्हाच उमगतं. जमीन उताराची आहे. दक्षिणेकडच्या अंगणातून तीन मजले मोजता येतात. पश्चिमेला आणि उत्तरेला गेलात की दोनच उरतात, कारण तळमजला उंच ओट्यामागे गेलेला असतो. उताराच्या जागेवर साधा गवंडी चारी बाजूंनी जोतं सारखं करून मोकळा होईल. गाब्रिएलने उतार तसाच ठेवला आणि नोकरांचा मजला त्यात मुरवला.

खांबांचं वाटपही मानपान पाहून केल्यासारखं आहे. पश्चिमेला फ्रेंच पद्धतीची आखीव बाग. त्या बाजूला भिंतीपासून सुटे असे चार कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले, स्तंभ. दक्षिणेला आणि उत्तरेला भिंतीतून जेमतेम पुढे आलेले चपटे अर्धस्तंभ. पूर्वेला राजाची वनस्पतिबाग होती, रोपांची आणि काचघरांची. तिकडे खांबच नाही. मला विचाराल तर तीच बाजू सर्वांत सुंदर. दागिने उतरवल्यावर उरतात फक्त खिडक्यांची उंची आणि त्यांच्यामधल्या भिंतीची रुंदी. त्यात हातभर चूक असती तर झाकायला काही नव्हतं.

आत नोकरांना दडवायचा बेत याहून धाडसी होता. लोरियो नावाच्या यंत्रज्ञाने जेवणाच्या टेबलाची योजना आखली: टेबल जमिनीतून खाली जाईल, तळमजल्यावर पानं वाढली जातील आणि ते भरल्या ताटांसह वर येईल. वाढपी समोर नको. खर्चाचा आकडा पाहून हा बेत बारगळला.

पण राजाला स्वतःला कुठलं लपता येणार? एप्रिल 1774 मध्ये पंधरावा लुई इथेच आजारी पडला. आजारी पडायचं तर व्हर्सायमध्येच, असं सांगून त्याच्या शल्यवैद्याने त्याला मुख्य राजवाड्यात हलवलं. देवी निघाल्या होत्या. 10 मेला तो गेला.

नव्या राजाने, सोळाव्या लुईने, हे घर आपल्या 18 वर्षांच्या राणीला, मारी आंत्वानेतला, देऊन टाकलं. तिने लपण्याची कला पुढे नेली. तिच्या खासगी दालनात खालच्या मजल्यावरून आरसे वर सरकत आणि खिडक्या झाकत. बाहेरच्याला आतलं दिसेना, आतल्याला चारी बाजूंनी आपणच. वनस्पतिबाग हलवून तिचा वास्तुकार रिशार मीक याने तिथे इंग्रजी धर्तीची बाग केली. रेषेत एकही वाट नाही. पण रानात उगवल्यासारखा दिसणारा तो ओढा आणि टेकडी, सगळं खोदून आणि भर टाकून केलेलं. मीकचंच 1780 चं नाट्यगृह तर बाहेरून कोठारासारखं, न थांबता पुढे जावं असं. आतलं सोनेरी नक्षीकाम बरंचसं लाकूड आणि कागदाच्या लगद्याचं, संगमरवर रंगवलेला. इथे राणी स्वतः भूमिका करायची.

पुढे 1783 पासून राणीने तळ्याकाठी शोभेचं खेडं वसवलं. भिंती नव्या कोऱ्या, म्हणून त्यांवर रंगाने भेगा काढल्या. गरिबी दिसावी यासाठी केलेला हा खर्च पॅरिसमध्ये पाव महागल्यावर लोकांच्या तोंडी गेला, त्यात नवल नाही. दरबारातल्या बड्या घराण्यांचा रागही कमी नव्हता: राणीच्या बोलावण्याशिवाय इथे पाऊल टाकायची सोय नसल्यामुळे पिढीजात मानकरी बाहेर उरले. बंद दारामागे काय चालतं याच्या अफवा त्यांनीच आधी पसरवल्या.

बागेत एक कृत्रिम गुहाही होती. आत शेवाळ, आणि कोण येतंय ते आतून दिसावं म्हणून एक फट. क्रांती पेटल्यावर, 5 ऑक्टोबर 1789 ला, पॅरिसहून जमाव निघाल्याचा निरोप घेऊन सेवक आला, तेव्हा राणी त्या गुहेत बसली होती असं सांगतात. ती राजवाड्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी राजकुटुंबाला पॅरिसला नेण्यात आलं, आणि त्रियानों तिने पुन्हा पाहिलं नाही. घरातलं सामान 1793 मध्ये लिलावात गेलं.