तुम्ही विचारलंत म्हणून : राज्यशास्त्राचं मी काय केलं

लग्नात विचारतात, दहाव्याला विचारतात, चांदवडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना विचारतात. आता नाशिकला ज्यांच्याकडे भाड्यानं राहते त्या काकूही विचारायला लागल्यात. ‘राज्यशास्त्रात एमए केलंस ना? मग काय केलंस त्याचं?’ डाळिंबाचं काय केलंस, दिलं का व्यापाऱ्याला, या चालीवर.

माझा मावसभाऊ मेकॅनिकल करून अंबडच्या एका कारखान्यात तीन वर्षं कंत्राटावर आहे. त्याला कुणी विचारत नाही. इंजिनिअर रिकामा असला तर बाजार वाईट असतो. मी रिकामी असले तर विषय वाईट असतो. आणि मी रिकामी नाहीये. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट परीक्षेला दोनदा बसले, सेटला एकदा. पगार तासावर, तोही वेळेवर नाही. हे सांगितलं की समोरचा ‘अच्छा’ म्हणतो आणि लगेच उपाय काढतो : ‘सरपंचकीला उभी राहा ना. बायकांना आरक्षण आहे.’ आहे. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. पण राज्यशास्त्र म्हणजे निवडणुकीला उभं राहायचा कोर्स नव्हे, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

हा विषय का घेतला, याचं एक छान उत्तर माझ्याकडे आहे. ते मी मुलाखतीत वगैरे वापरते. मार्च 2018, माझी बारावी चालू होती, आणि नाशिकच्या सीबीएस चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईला निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडची माणसं, लाल टोप्या, पायांत तुटक्या चपला. मागणी मुख्यतः एवढीच, की कसतो ती वनजमीन 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आमच्या नावावर करा. कायदा होऊन बारा वर्षं झाली होती. कायदा आणि सातबारा यांच्यामध्ये बारा वर्षं नेमकं काय चालतं, हे मला शिकायचं होतं.

उत्तर खोटं नाही. पण बारावी सायन्सला मला एकावन्न टक्के पडले, हे त्यात येत नाही. आर्ट्सला गेले कारण दुसरीकडे घेत नव्हते. मोर्चा मी नंतर जोडला. जोडता जोडता तो खरा झाला, असं मला वाटतं. तुम्हाला वाटलं नाही तर माझी तक्रार नाही.

विषयावर जीव बसला तो दुसऱ्या वर्षाला, रोजगार हमीवर. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आमची आजी ती कामं ‘दुष्काळाची मजुरी’ म्हणून सांगायची, दया केल्यासारखी. वर्गात कळलं की 1977 साली महाराष्ट्रानं त्याचा कायदा केला, काम मागणं हा हक्क ठरवला, आणि देशानं तसा कायदा करायला 2005 उजाडलं. हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘हक्क व्हता तर मुकादम शिव्या का द्यायचा?’ हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. सार्वजनिक धोरणाचा अख्खा पेपर मात्र त्याच्याभोवती फिरतो.

आता ते सांगते, जे कुणालाच सांगत नाही.

एमएच्या दुसऱ्या वर्षाला सेमिनार होता. विषय मीच निवडला : सरकारी योजनांमधली वगळण्याची चूक. योजनेत दोन प्रकारे चुकतं. नको तो माणूस यादीत घुसतो, किंवा हवा तो बाहेर राहतो. पहिल्या चुकीवर ओरड होते, पेपरात येतं, चौकशी लागते. दुसरी चूक घरी गुपचूप बसून असते. पहिली टाळायला सरकार अटी वाढवतं, आणि प्रत्येक अटीबरोबर दुसरी वाढते. केशरी कार्डवाल्या कुठल्याही घरात विचारा. मी यात मोबाइलवरच्या अटी घेतल्या होत्या, आणि उदाहरण म्हणून ई-पीक पाहणी. शेतात उभं राहून फोटो काढायचा, पीक नोंदवायचं, म्हणजे ते सातबाऱ्यावर चढतं. मी लिहिलं होतं की स्मार्टफोन नसलेला, रेंज नसलेला, लिहिता-वाचता न येणारा शेतकरी यातून बाहेर पडतो. वीसपैकी अठरा मिळाले.

सेमिनार सोमवारी होता. आधीच्या शुक्रवारी नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. ‘ते पीकपाण्याचं राहिलंय. रविवारी येऊन जाय. मला ते जमत नाही, फोटोच घेत नाही ते.’ दोन एकर रांगडा कांदा उभा होता. नाशिक ते आमचं गाव, दोन गाड्या बदलून अडीच तास. मी म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात करते नाना.’ पुढच्या आठवड्यात दुसरं काही निघालं. मग मुदत गेली. मुदत गेल्याचं मला कळलंसुद्धा नाही, आणि नानांनी धरून चाललं की पोरीनं केलं असेल. ती त्यातच शिकतेय.

फेब्रुवारी 2023 मध्ये कांदा कोसळला. नानांचा साडेचारशे रुपये क्विंटलनं गेला. काढणी, गोणी, टेम्पो, हमाली, तोलाई धरून काय उरलं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही त्याच रांगेत होतात. मार्चमध्ये सरकारनं अनुदान काढलं : क्विंटलला साडेतीनशे, जास्तीत जास्त दोनशे क्विंटलपर्यंत. शासन निर्णयाची पीडीएफ आमच्या वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांत आधी मी टाकली. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद हवी, त्या ओळीला पिवळा रंग दिला आणि खाली लिहिलं, ‘माझ्या सेमिनारचं जिवंत उदाहरण!’ उद्गारचिन्हासकट. सोळा अंगठे आले.

दोन दिवसांनी नानांनी विचारलं, ‘आपली नोंद तू केली व्हती ना?’

मी काय बोलले आठवत नाही, म्हणजे आठवतं, पण लिहायचं नाही. ते एवढंच म्हणाले, ‘बरं.’ एकशे साठ क्विंटल गेला होता. साडेतीनशेनं छप्पन्न हजार होतात. हा गुणाकार मी त्या रात्री किती वेळा केला, जणू उत्तर बदलणार होतं.

पुढे ज्यांची नोंद नव्हती त्यांच्यासाठी गावपातळीवर समिती झाली. त्या दिवशी मी गावी होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत नाना सौदा पट्ट्या, सातबारा, पासबुक सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन उभे. एकानं विचारलं, नोंद का केली नाही? नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मोबाइल नव्हता साहेब.’

मोबाइल त्यांच्या खिशात होता. त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ कांद्याच्या पैशातून घेतलेला, मी निवडलेला. खिशातून त्याचं वरचं टोक दिसत होतं. त्या माणसानंही ते पाहिलं असणार. त्यानं लिहून घेतलं : मोबाइल नाही.

म्हणजे माझ्या सेमिनारमधला निष्कर्ष माझ्या बापानं स्वतःच्या तोंडानं खरा करून दिला, मला वाचवायला.

घरी येताना मी खूप बोलले. अटच चुकीची आहे, ज्यांनी कांदा बाजार समितीत विकला त्याची पावती पुरेशी असायला हवी होती, मुलीला दोन गाड्या बदलून फोटो काढायला यावं लागतं हीच धोरणाची चूक. मला आजही हे सगळं बरोबर वाटतं. यातला एकही मुद्दा मागे घेणार नाही. नाना पुढे चालत होते. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, ‘तुह्यं बराबर असंल. पण तू यायला पायजे होतं.’

तेव्हाची मी म्हणाली असती की यंत्रणेचा दोष माणसावर ढकलणं हेच राजकारण असतं. आताची मी तिला विचारते, मग तू यंत्रणेत नव्हतीस का? शिकलेली मुलगी हा घराघरातला शेवटचा कर्मचारीच असतो, बिनपगारी. ती म्हणते, म्हणून तर अट चुकीची. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तीन वर्षं होत आली, आमचं दोघींचं हेच चाललंय.

पैसे मिळाले का, हे सांगणार नाही. मिळाले म्हटलं तर तुम्ही म्हणाल, झालं ना मग. नाही म्हटलं तर म्हणाल, बघ, शिकून काय उपयोग. दोन्ही वेळा तुम्हाला तुमचं उत्तर मिळतं आणि मला माझं मिळत नाही.

हल्ली हंगामात गावी जाते. आमची नोंद करते, मग भावकीतल्या सात-आठ जणांची. चुलते बांधावर उभं राहून ‘मॅडम, आमचा पण घ्या फोटो’ म्हणतात आणि तिथेच, चिखलात, विचारतात : एमए करून काय केलंस गं? तुम्हाला वाटेल मी विनोद करतेय.

वर्गात वगळण्याची चूक शिकवताना मी ते उदाहरण अजून वापरते. एक शेतकरी, एकशे साठ क्विंटल, मोबाइल नाही. नाव-गाव सांगत नाही. गेल्या सत्रात येवल्याकडच्या एका मुलीनं हात वर केला. ‘मॅडम, त्यांच्या घरात कुणी शिकलेलं नव्हतं का?’

‘होतं,’ म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले. पाच-सहा नंबर झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, मॅडम, मघाशीच घेतली.