सगळी बारकीच कशी?

त्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या आहेत. ‘खुजा नाकतोडा, पिल्लू’, खाली तारीख आणि सड्याचं, म्हणजे कातळाच्या पठाराचं, नाव. अशा पाच नळ्या आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात दोन पावसाळे पडून होत्या. पिल्लांवरून जात ठरवता येत नाही, म्हणून मी त्या बाजूला ठेवल्या होत्या.

मी साताऱ्यात प्राणिशास्त्र शिकवतो. वनविभागाची परवानगी घेऊन पावसाळ्यात विद्यार्थ्यांसोबत पश्चिमेकडच्या सड्यांवर कीटकांची नोंद करतो. यवतेश्वरचा घाट चढून लोक कासची फुलं बघायला जातात, आम्ही दगडांपाशी बसतो. जांभ्याच्या भोकाभोकांतून पाणी झिरपतं, त्यावर शेवाळ धरतं आणि त्या शेवाळावर खुजे नाकतोडे चरतात. टेट्रिगिडी हे त्यांचं कुळ. जगात त्यांच्या सुमारे २००० जाती नोंदल्या आहेत, पण आपल्याकडे त्यांना ओळखणारी माणसं फार थोडी. रंग कातळासारखा, लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. इतर नाकतोड्यांसारखे हे गवतावर तुटून पडत नाहीत, शेवाळ आणि कुजका पाला खातात. त्यांना कान नसतात आणि ते आवाजही काढत नाहीत. बाकीच्या नाकतोड्यांची ढाल, म्हणजे डोक्यामागचं कडक कवच, मानेमागेच संपते, यांची मात्र थेट पोटावरून मागे जाते. उडी मारेपर्यंत तो किडा आहे की जांभ्याचा कपचा, हे कळत नाही.

तो सप्टेंबरमधला शनिवार होता. बाहेर पाऊस लागला होता, त्यामुळे सड्यावर जाणं रद्द झालं. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी जुन्या नळ्यांची यादी करायला बसवलं. परळी खोऱ्यातल्या एका गावाहून येणारी एक मुलगी नळ्या ओळीनं मांडत होती. मध्येच थांबून ती म्हणाली, “सर, ही सगळी बारकीच कशी घावल्यात? जुलैची बी बारकी, ऑक्टोबरची बी बारकी. मोठं एकबी न्हाई ह्यात.”

मी नळ्या हातात घेतल्या. जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर. पुन्हा पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. तिचं म्हणणं खरं होतं. नाकतोड्याचं पिल्लू कात टाकत टाकत मोठं होतं. जुलैतलं पिल्लू ऑक्टोबरपर्यंत तसंच राहणार नाही, आणि राहिलंच तर त्याचे आईबाप कुठे तरी दिसायला हवेत.

मी पिल्लू का लिहिलं होतं, तेही सांगायला हवं. पंख असलेल्या प्रौढ खुज्या नाकतोड्याच्या ढालीच्या बाजूच्या काठाला एक खाच असते, तिथे पुढच्या पंखाची छोटी खवल्यासारखी चकती बसते. पिल्लात ती खाच नसते. माझ्या नमुन्यांत खाच नव्हती, चकती नव्हती, पंखही नव्हते. पण या कुळात जन्मभर पंख न येणाऱ्या जातीही आहेत आणि त्यांचे प्रौढसुद्धा असेच दिसतात. हे मी वाचलेलं होतं. सड्यावर बसून चिठ्ठी लिहिताना मात्र ते आठवलं नाही.

सगळ्यात जाड दिसणारा नमुना मी अल्कोहोलातून काढून मायक्रोस्कोपखाली उलटा धरला. पोटाच्या टोकाला मादीचा अंडी घालायचा अवयव असतो, चार पात्यांचा. पिल्लात तो आखूड आणि मऊ असतो. इथे पाती लांब, काळपट, कडक होती आणि त्यांच्या कडेला करवतीसारखे दात होते. ती पूर्ण वाढलेली मादी होती. मी काही न बोलता उठलो आणि त्या मुलीला खुर्चीवर बसवलं. तिनं बराच वेळ पाहिलं. “दात हायेत सर,” एवढंच म्हणाली.

प्रयोगशाळेतले मामा दोनदा येऊन “जेवायचं बघा की आता” म्हणून गेले. जेवायला कोणी उठलं नाही.

प्रौढ आहे एवढ्यानं नवी जात ठरत नाही. या कुळात एकाच जातीचे काही जीव लांब पंखांचे आणि लांब ढालीचे, तर काही आखूड, असाही प्रकार होतो. तेव्हा माहीत असलेल्याच एखाद्या जातीचं हे आखूड रूप असू शकत होतं. मी सुईच्या टोकानं ढालीचा मागचा काठ हळूच उचलला. आखूड रूपातही पंखाचा काही ना काही अवशेष सहसा सापडतो. इथे ढालीखाली नुसती पाठ होती. दुसरा नमुना पाहिला, तिसरा पाहिला. संध्याकाळी सहापर्यंत चार माद्या आणि दोन नर वेगळे निघाले, तीन मात्र खरोखरच पिल्लं होती. सहाही प्रौढांच्या ढालीच्या मध्यावरची धार एकसारखी उठलेली होती. तशी धार सड्यावर सापडणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही जातीत मी पाहिली नव्हती.

त्यानंतरचं काम संथ असतं. या किड्यांवरचे जुने ग्रंथ, म्हणजे बोलिव्हार यांचा १८८७ चा प्रबंध, हॅनकॉक यांचं १९०७ चं लेखन, कर्बी यांचा १९१४ चा खंड, हे सगळं ओळ न ओळ वाचावं लागतं. जुनी वर्णनं कधी कधी चार ओळींत आटोपलेली असतात, म्हणून युरोपातल्या संग्रहालयांतल्या मूळ नमुन्यांचे फोटो मागवावे लागतात. आपल्या सड्यावरच्या किड्याची ओळख माद्रिदच्या संग्रहालयातल्या कपाटाला विचारावी लागते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. त्यासाठीच आमचा मुख्य नमुना, म्हणजे होलोटाइप, आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात ठेवायचा असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं. नवी जात सापडली की नमुना अधिकृत संग्रहात जमा करावा, असं २००२ चा जैवविविधता कायदाही सांगतो. माझी चुकलेली चिठ्ठी नळीतून काढलेली नाही. जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते, दुरुस्तीची नवी चिठ्ठी तिच्यासोबत घालायची असते.

जातीचं नाव इथे लिहीत नाही. वर्णनाशिवाय नुसतं नाव छापलं तर नामकरणाच्या नियमांत ते नाव म्हणून धरलंच जात नाही, आणि आमचं वर्णन अजून तपासणीत आहे. सड्याचं नावही मुद्दाम गाळलं आहे. ज्या किड्याला उडताच येत नाही, त्याच्या दगडांवर मुरूम पडला तर तो दुसरीकडे जाऊन राहू शकत नाही.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही दरीपलीकडच्या सड्यावर गेलो होतो. तिथेही तसेच बिनपंखी नाकतोडे मिळाले, फक्त ढालीची धार जरा बुटकी आणि मिशा जाड. नर एकच सापडला. एका नरावर काही म्हणता येत नाही. मध्ये खोल दरी आहे आणि दोन्हीकडच्या किड्यांना पंख नाहीत, त्यामुळे शंका मात्र गेलेली नाही. पाऊस लागला की आधी तिकडे जायचं आहे. ती मुलगी आता एमएस्सी करते. तिनं जुलैतले चार दिवस आत्ताच मोकळे ठेवले आहेत.