ती खाली का बघत नाही

काल संग्रहालयातून आल्यापासून एकच गोष्ट डोक्यात बसली आहे. ती खाली का बघत नाही?

फ्रान्समधल्या स्ट्रासबूर शहरातल्या रोआं राजवाड्यातलं संग्रहालय. चिऊने माझ्या पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरवलं आणि मग बुगेरो या फ्रेंच चित्रकाराचं 'सांत्वन करणारी मरिया' हे चित्र समोर आलं. 1877 सालचं, उंचीला दोन मीटर. काळ्या कपड्यांतली एक आई मरियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मांडीवर कोसळली आहे. पायाशी तिचं गेलेलं बाळ, उघडंवाघडं. त्याची कातडी इतकी नितळ रंगवली आहे की ब्रश कुठे फिरला ते सापडत नाही. आणि मरिया? दोन्ही हात वर, डोळेही वर. अगं, तिच्या पाठीवर हात तरी ठेव!

मला रागच आला. तेव्हा आपल्याकडे भेटायला येणारेही असेच. कुणी छताकडे बघायचं, कुणी फोटोच्या हाराकडे, कुणी हातातल्या कपाकडे. तेरा दिवस घर भरलेलं, पण माझ्या तोंडाकडे बघायची कुणाची छाती झाली नाही. नंदू तर दारातूनच... जाऊ दे.

चिऊ म्हणाली, "आई, कॅलेंडर वाटतंय." देगा वगैरे चित्रकार मंडळीही बुगेरोच्या गुळगुळीतपणाची टिंगल करायची. करोत. जुलै 1875 मध्ये बुगेरोचा 16 वर्षांचा मुलगा जॉर्ज गेला. एप्रिल 1877 मध्ये नेली नावाची त्याची बायको गेली, आणि दोन महिन्यांत तान्हा मोरिस. जॉर्जच्या पाठोपाठ, 1876 मध्ये, त्याने 'पिएता' काढलं. त्यातली मरिया मेलेल्या येशूला कवटाळून थेट आपल्याकडे बघते, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. खाली कलशावर लॅटिनमध्ये जॉर्जचं नाव आणि तारीख. म्हणजे समोर बघणारी त्याला काढता येत होती. मग वर्षभरात तिची नजर वर का गेली? बायको, बाळ गेल्यावर कुणी डोळ्यांत बघितलेलं त्यालाच नको झालं असेल?

मला तरी चाललं असतं का? खरं सांगायचं तर नसतं. कुणी नीट बघितलं असतं तर मी उठून आत गेले असते.

बरं, ही बाई बोलत तरी नाही. "देवाची इच्छा" नाही, "किती वाजता झालं?" नाही. मांडी दिली आहे आणि पडू दिलं आहे. आक्कासुद्धा त्या दिवसांत माझ्याकडे न बघता बंद टीव्हीकडे तोंड करून बसायची. बसल्या बसल्या मेथीच्या जुड्याच्या जुड्या निवडल्या तिने. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. उठून मात्र गेली नाही.

रात्री तिला चित्राचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "वर काय बघतेय? पंखा?"

हसू आवरेना. बुगेरोचं पुढचं चिऊने वाचून दाखवलं, त्यावरही हसलो. एलिझाबेथ गार्डनरशी लग्न ठरवलं, पण त्याच्या मातोश्रींचा विरोध. त्या गेल्यावर 1896 मध्ये, वयाच्या सत्तरीत, हा बोहल्यावर चढला. सासूबाई पॅरिसमध्येही असतात तर.

उद्या पुन्हा जायचं म्हणतेय. चिऊ नाक मुरडेल. तिकिटाचे पैसे मी देईन.